वेशीबाहेर करवली

चोरहळद विनितानेच लावली होती, त्यामुळे आता दुसऱ्या कुणाला बोल लावायचीही सोय नव्हती.

पाहुणे जमायच्या आदल्या संध्याकाळी नवरदेवाला घरातल्या घरात हळदीचं पहिलं बोट लावायचं, ती चोरहळद. कुणालच्या गालांना लावून झाली आणि वाटीत थोडी उरली. विनिताने ती हसत हसत आपल्या मुलीच्या, ऋतिकाच्या तोंडाला फासली. ऋतिका करवली होती. लग्न लागेपर्यंत पाण्याने भरलेला करा हातात घेऊन चुलतभावाच्या मागे उभं राहायचं म्हणजे तिला हळद लागायचीच, ती एक दिवस आधी लागली इतकंच. नवरा भूपेश गेल्यापासून विनिता या घरात अशी मोकळी हसली नव्हती, म्हणून सगळेच हसले. तेवढ्यात ऋतिकाचा फोन वाजला.

फोन फ्लाइंग स्कूलचा होता. कॅप्टन बिडकर दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला पुन्हा एकदा विमानात बसवून बघायला तयार होते. सोमवारी नवी तुकडी उडायला लागणार. त्यात ऋतिकाची जागा ठेवायची की दुसऱ्याला द्यायची, ते तिथेच ठरणार होतं. यानंतर संधी नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

आणि हळद लागलेल्या पोरीने गावची वेस ओलांडायची नाही, हे काल्हेरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

सकाळी मांडवात खुर्च्या उतरत होत्या. डीजेवाला आपले डबे एकावर एक चढवत होता. फेटेवाला तर उजाडताच येऊन मनोजच्या डोक्यावर पिवळा जरीकाठी फेटा बांधून गेला होता, कारण संध्याकाळी त्याला दुसऱ्या गावांतल्या हळदी होत्या. त्यामुळे नवरदेवाचा बाप सकाळपासून बनियनवर फेटा घालून फिरत होता आणि त्याला हसायची कुणाची हिंमत नव्हती.

मनोजचा बाप केसरीनाथ ओटीवर खुर्ची टाकून बसला होता. भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली तरी घरातला शेवटचा शब्द त्याचाच होता. तो शब्द त्याने अजून खर्च केला नव्हता. सगळ्यांचं बोलून होऊ द्यायचं, हा त्याचा जुना खाक्या.

"वेशीबाहेर न्हाय म्हंजे न्हाय," राहीबाई म्हणाली. "माज्या सासूनं मना सांगलं, तिला तिच्या सासूनं. हळदीचं आंग हाय. वाटंत काय लागंल, काय बाधंल."

"आई बरोबर बोलते," मनोज म्हणाला. "आणि समजा गेली, तर येणार कधी? पडघ्याला ट्रेलरची लाईन लागली का संध्याकाळ तिथंच. पाहुण्यांना काय सांगू? करवली विमानाच्या सीटवर बसायला गेली?"

"बसायला नाही काका," ऋतिका म्हणाली. "बसता येतं ते दाखवायला."

"दोनदा दाखवलंस की."

मनोज लागेल असं बोलला होता आणि ते त्यालाही कळलं, पण शब्द आता परत घेता येत नव्हता.

ऋतिकाची उंची चार फूट अकरा इंच. डोळे, कान, हृदय, रक्त, सगळ्या तपासण्यांत डॉक्टरांनी तिला निर्धास्त पास केलं होतं. अभ्यासाचे पेपर तिने पहिल्या झटक्यात काढले होते. अडलं ते सीटवर. पहिल्यांदा बसली तेव्हा पाय पेडलला पुरले, पण समोर काटे आणि तबकड्यांखेरीज काही दिसेना. दुसऱ्यांदा ठाण्याहून आणलेली मऊ उशी खाली घेतली, तर नाकासमोरची धावपट्टी दिसली आणि पाय लटकले. वर जोर लावला की उशीच सरकायची. डोळे काचेच्या खालच्या कडेपेक्षा वर हवेत आणि पाय पेडलच्या टोकापर्यंत पोचायला हवेत, दोन्ही एकाच वेळी. एवढंच बिडकरांचं म्हणणं होतं.

म्हणून या खेपेची गादी घरी झाली होती. भिवंडीतल्या आपल्याच लूमचं जाड कोरं कापड आणून विनिताने ती मशीनवर शिवली. राहीबाईने आत लूमच्या चिंध्या ठासल्या, वरून बुक्क्या मारून पुन्हा ठासल्या. खाली एक जाड आणि पाठीला एक, दोन्हींना बांधायला नवारीच्या पट्ट्या. ऋतिकाला पुढे सरकवून मग वर उचलेल अशी ती जोडगादी होती.

"राहू दे ऋतू," विनिता म्हणाली. तिच्या तोंडून तेच आलं. या घरात मोठ्या दिरापुढे पडतं घ्यायची तिला सवय झाली होती. मनोजने तिला कधी काही कमी पडू दिलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला 'नाही' म्हणणं जड जायचं. ऋतिका ओल्या फडक्याने गाल चोळत होती. हळद जात नव्हती, गाल तेवढे लाल झाले होते.

ते पाहून विनिताचा जीव कळवळला. स्वतःचाच राग आला तिला.

"भावजी," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका मोठा आलेला पाहून तीच दचकली. "हळद मी लावली. चूक माझी हाय. तिची शिक्षा पोरीला नको. तिला जाऊ द्या."

तेवढ्यात टॉवेल गुंडाळलेला कुणाल आतून बाहेर आला.

"करवली आल्याबिगर मी पाटावर बसत नाय," तो म्हणाला. "साताची हळद आठाला होऊ दे. आठाची नवाला."

"डीजेची परमिशन दहापर्यंतच हाय," मनोज म्हणाला.

"मग दहाच्या आत आणा तिला."

"मी आणू?"

केसरीनाथने मान हलवली नाही. त्याने फक्त बायकोकडे पाहिलं. "राही, तू नवरी होऊन आलीस ती कशी आलीस?"

"कशी म्हंजे? होडीनं. खाडी ओलांडून."

"आंगाला हळद होती?"

राहीबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. "होती. पन माज्या बापानं कंबरंला अडकित्ता खोचलेला. लोखंड हाताशी आसलं का काय बाधत न्हाय. आनि बरोबर घरचा पुरुष होता."

"मंग?"

"मंग काय मंग." आपल्याच शब्दांत आपण सापडलो हे तिला कळलं होतं, पण हरल्याचं दाखवील ती राहीबाई कसली. "लोखंड द्यावा लागंल. अडकित्ता कंबरंला बांध पोरी."

"आजी, विमानात लोखंड नाही चालत. होकायंत्र बिघडतं त्याने."

"न्हाय चालत?"

"नाही."

"बरा," राहीबाई म्हणाली. इतकं गरीबपणे ती कधी कुणाचं ऐकत नसे. "मंग ती गादी आन हिकडं. एक टाका उसवल्यासारका दिसतंय." आणि गादी घेऊन ती आत गेली.

"ऱ्हायला घरचा पुरुष," केसरीनाथ म्हणाला. आता त्याने आपला शब्द खर्च केला. "मनोज नेईल."

"बाबा, मी मुलाचा बाप हाय. हळद हाय घरात."

"म्हनून तं. तू बरोबर आसलास का कुनी बोलायचा न्हाय. फेटा बांधलेलाच हाय. आलास का सरळ मांडवात उभा ऱ्हा."

जो सगळ्यात जास्त विरोधात, त्याच्याच हातात गाडीची चावी. केसरीनाथने आयुष्यभर गावकीची भांडणं अशीच मिटवली होती.

---

पडघ्याला ट्रेलरची लाईन लागलीच होती. मनोजने फेटा डोक्यावरून अलगद उचलून मागच्या सीटवर ठेवला होता, काच बंद करून, धूळ बसू नये म्हणून. ऋतिका शेजारी गादी मांडीवर घेऊन बसली होती.

"मघाशी बोललो ते," मनोज म्हणाला, "तुला कमी लेखायला नाय बोललो."

"माहितीये काका."

"नाय माहिती तुला." त्याने गिअर टाकला, गाडी थोडी सरकली, पुन्हा थांबली. "मी पोलीस भरतीला गेलो होतो. कुणालच्या वयाचा होतो. धावण्यात पहिल्या पाचात. मग भिंतीला उभा केला, डोक्याला पट्टी टेकवली. अर्धा इंच कमी. तो बोलला, 'पुढचा.' माझ्याकडं बघितलंपण नाय त्यानं."

ऋतिका त्याच्याकडे वळली. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मनोजकाका म्हणजे गोदामांचे करार, गाड्यांची ने-आण, मोठा आवाज. त्याला कुणी भिंतीला उभं केलेलं तिला डोळ्यांपुढे आणता येईना.

"कधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय हाय त्यात? घरी बोललो, मलाच नको ती नोकरी." तो पुढच्या ट्रेलरच्या मागच्या दिव्यांकडे पाहत होता. "तुला दोनदा परत पाठवलं ना, दोन्ही वेळा मला जेवण गेलं नाय. हळदीच्या दिवशी तिसऱ्यांदा तोंड पाडून येशील, मांडवात सगळे विचारतील. मला ते बघवणार नाय, म्हणून नको बोलत होतो."

"काका, तुम्हाला त्या लोकांनी परत बोलावलं असतं, तर गेला असतात?"

पुढे ट्रेलरच्या डावीकडून जरा जागा झाली, तेव्हा एरवी पोरांना ज्यावरून मनोज शिव्या घालायचा तशीच गाडी त्याने त्या फटीतून काढली.

---

घाट चढून वर आलं की पठारावर ती धावपट्टी होती. एक पत्र्याची शेड, पांढरी छोटी विमानं आणि भरपूर वारा. कॅप्टन बिडकर शेडच्या दारात उभे होते. माणूस सुकलेला, बोलणं त्याहून सुकं.

"कावीळ झालीय का?" त्यांनी ऋतिकाच्या गालांकडे पाहून विचारलं.

"हळद आहे सर. भावाची."

"भावाची हळद तुझ्या तोंडाला कशी?"

"करवली आहे सर."

"बरं. माझ्याकडे वेळ थोडा आहे. साडेअकराला दुसरा विद्यार्थी आहे. गादी दाखव."

त्यांनी गादी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी दाबली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्यांनी ती पुन्हा दाबली, म्हणजे बरी वाटली असावी असं ऋतिकाने धरून चाललं. मग ती उलटी केली आणि हलवली.

"यात काय आहे?"

"चिंध्या. आमच्या लूमच्या."

"चिंध्यांचा आवाज येत नाही."

बिडकरांनी खिशातला छोटा चाकू काढून कडेची शिवण उसवली आणि आत हात घातला. जुन्या लुगड्याचा तुकडा बाहेर आला आणि त्या तुकड्यात गुंडाळलेला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुपाऱ्या फोडून गुळगुळीत झालेला राहीबाईचा अडकित्ता.

"आजीने ठेवला," ऋतिका म्हणाली. तिला रडावं की हसावं कळेना. "मला खरंच माहीत नव्हतं सर. हळदीच्या अंगाने वेशीबाहेर जाताना लोखंड लागतं."

"घाटात लागत असेल. कॉकपिटमध्ये लागत नाही." त्यांनी अडकित्ता बाजूच्या पिंपावर ठेवला. "बस आता."

ती विमानात चढली, गादी बांधली, बसली. आणि बसताक्षणीच तिला कळलं. अडकित्त्याला जागा करायला आजीने मधल्या चिंध्या उपसून काढल्या होत्या. गादी मधोमध खचली. पाय पेडलला टेकत होते, डोळे पुन्हा काचेच्या खालच्या कडेला. मान ताणली तर धावपट्टीचं टोक जरासं दिसे. श्वास सोडला की जाई.

"मान ताणून किती वेळ उडवशील?" बिडकरांनी शांतपणे विचारलं.

आयुष्यभर तिला सगळ्यांनी पाटावर उभं केलं होतं. शाळेच्या फोटोत पाट, गणपतीच्या आरतीला पाट, प्रत्येक चुलतभावाच्या हळदीत पाट, कारण करवली फोटोत दिसायला हवी. पाटावर चढायचं आणि हसायचं, हे तिला येत होतं. इथे पाट नव्हता. दोन बोटं कमी पडत होती आणि त्या दोन बोटांत तिचं सगळं होतं.

"काहीतरी भरते सर. पाच मिनिटं द्या."

"काय भरणार?"

तिने ओढणीला हात घातला. ती पातळ जॉर्जेटची, मुठीत मावेल एवढी. पिंपाजवळचं लुगड्याचं फडकं तर त्याहून फाटकं. शेडच्या दारातून मनोज हे सगळं पाहत होता. तो वळला आणि चालू लागला. काकाला बघवलं नाही, निघून गेला, असंच ऋतिकाला वाटलं.

मनोज परत आला तो फेटा सोडत सोडत. चालता चालता पीळ उलगडत होता आणि पिवळं कापड वाऱ्यावर त्याच्या मागे लांबत होतं. जरीचा तुरा त्याने आधीच ओढून काढला होता.

"काका, फेटेवाला पुन्हा येणार नाही संध्याकाळी."

"ठाऊक हाय. धर टोक."

त्याने शेडच्या फरशीवर गुडघे टेकले आणि कापडाची घडी घालायला घेतली. तरुणपणी लूमवर त्याने ताग्यांच्या घड्या घातल्या होत्या. हाताखालून कापड सपाट, घट्ट, एकसारखं येत गेलं. घडीवर गुडघा दाबून त्याने हवा काढली, ती गादीच्या पोटात सारली, वरून बुक्की मारली. शिवण बंद करायला ऋतिकाने बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढून दिल्या. त्या लोखंडाबद्दल बिडकर काही बोलले नाहीत.

ती पुन्हा बसली. पट्टा आवळला.

"डावा. पूर्ण."

तिने डावा पेडल दाबला. तो टोकापर्यंत गेला. गादी हलली नाही.

"उजवा. ब्रेक. पुन्हा डावा." बिडकर दारात वाकून तिच्या टाचा बघत होते, मग डोळे, मग पुन्हा टाचा. "धावपट्टीच्या टोकाला काय दिसतं?"

"एक बाई शेळ्या हाकतेय. एक शेळी मागे राहिलीय, काळी."

बिडकरांनी मान वळवून खात्री केली. मग ते विमानाला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत चढले आणि दार ओढून घेतलं.

"हेडसेट घाल," ते म्हणाले. "आणि ही गादी आजपासून इथंच राहील. रोज हीच. बदललीस तर सगळं पुन्हा."

ती नुसती 'हो सर' म्हणाली, तेही दोनदा.

---

मनोज कुंपणाला धरून उभा होता. विमान हळूहळू धावपट्टीकडे निघालं. जमिनीवर ते पायांनीच वळवतात, हे ऋतिकाने त्याला कधीतरी जेवताना सांगितलं होतं आणि त्याने लक्ष दिलं नव्हतं. आता ते वळलं तेव्हा त्याला तिचे पाय दिसल्यासारखे झाले. मग आवाज वाढला, विमान धावलं, आणि त्या काळ्या शेळीच्या वरून उचललं गेलं.

त्याने विनिताला फोन लावला. मांडवातला गोंधळ ऐकू येत होता.

"विनिता, पोरगी वर हाय."

"वर म्हणजे? काय झालं भावजी?"

"वर. आभाळात. मी बघतोय तिला." वाऱ्याने त्याचे केस विस्कटत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते वाऱ्याने येतंय असं म्हणायला शेजारी कुणी नव्हतंही. पलीकडे विनिताचा आवाज लांब गेला, "आई, ऋतू वर हाय," आणि मांडवभर गलका झाला.

उतरल्यावर बिडकर म्हणाले, "वाऱ्यात सरळ धरलंस. सोमवारी सात वाजता." एवढंच म्हणून ते ताटकळलेल्या साडेअकराच्या विद्यार्थ्याकडे गेले.

---

पडघ्याला पुन्हा अडकून ते परतले तेव्हा मांडवात दिवे लागले होते. कुणाल खरोखरच पाटावर बसला नव्हता. पाटाशेजारी उभा राहून त्याने बायकांना ताटकळत ठेवलं होतं. ऋतिका गाडीतून उतरली तशी विनिताने तिला धरलं आणि सगळ्यांदेखत ती हमसून रडली.

राहीबाईने हात पुढे केला. "माजा अडकित्ता?"

"आजी, त्याच्यामुळे मी जवळजवळ नापास झाले."

"पन जाली न्हायस ना?" राहीबाईने अडकित्ता कनवटीला लावला. "लोखंड व्हता म्हनून."

कुणीतरी ओरडलं, करवलीला पाट आणा, आणि पाट आला. ऋतिका करा घेऊन त्यावर चढली. आज तिला तो पाट मुळीच टोचला नाही. डीजे सुरू झाला.

पाहुणे मात्र मनोजकडे पाहत होते. हळदीला वरबाप बोडका, असं काल्हेरात कुणी पाहिलं नव्हतं. केस उडालेले, सदऱ्याला धूळ. व्याह्यांकडची माणसं आपसांत कुजबुजायला लागली. केसरीनाथने खुर्चीतून विचारलं, मुद्दाम मोठ्याने, सगळ्यांचं कुतूहल एकदाच मिटावं म्हणून.

"फेटा कुठं रे?"

"विमानात हाय," मनोजही तितक्याच मोठ्याने म्हणाला. "पोरीच्या सीटला. आता तिथंच ऱ्हानार."

कुणीतरी धावत जाऊन भाड्याचा फेटा घेऊन आलं. मनोजने हात आडवा केला, पण केसरीनाथच म्हणाला, "ऱ्हाऊ दे तो." फोटोग्राफर सगळ्यांना पाटाभोवती गोळा करत होता, वरबापाला जरा कडेला घ्यावं की काय या विचारात घुटमळत होता. म्हाताऱ्याने काठी उचलून त्याला जागा दाखवली.

"त्याला मधी घे," केसरीनाथ म्हणाला. "करवलीच्या बाजूला. आनि डोकं दिसू दे त्याचं."